चाळिशीनंतरचं बायकांचं खाणं : आपल्या खान्देशी ताटात काय आहे आणि आपल्या वाट्याला काय येतं?

तापीकाठची (चोपडा) :
नमस्कार मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय. आमच्या भिशीत सगळ्या चाळीस ते पंचावन्नमधल्या आहेत आणि हल्ली भिशी जमली की गुडघे, पित्त, रात्री अंगातून निघणाऱ्या वाफा, पाळी कधी पंधरा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, हेच सगळं चालू असतं. त्यावर उपाय काय, तर कुणी ओट्स सांगतं, कुणी चिया, कुणी रात्रीचं जेवण बंद कर म्हणतं आणि एकजण तर पावडरचे डबे विकतेय, महिन्याचा खर्च ऐकून धसका बसला.
माझं म्हणणं असं आहे की आपल्या खान्देशात खायला काही कमी नाहीये. दादरची (ज्वारीची) भाकरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडीद, तूर, मूग, शेंगदाणे, तीळ, दूधदुभतं, सगळं घरात आहे. पण घरातल्या बाईच्या ताटात त्यातलं किती पडतं ते बघा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर डाळीच्या पातेल्यात तळाशी जे चिकटलेलं असतं त्यात थोडं पाणी टाकून हलवून घ्यायचं आणि त्यात भाकरी कुस्करायची, हे मी माझ्या आईचं बघितलंय, सासूबाईंचं बघितलंय आणि आता जावेचं बघतेय. उसळ पोरांना, दही नवऱ्याला, दुधावरची साय नातवाला. विशीत पंचविशीत अंग ते खपवून घेतं, पंचेचाळिशीत नाही घेत.
तर कुणी डॉक्टर, आहारतज्ज्ञ असतील त्यांनी आणि अनुभवी मैत्रिणींनी नक्की लिहा. घरात जे शिजतं त्यातूनच कसं भागवायचं ते सांगा.

सोनगीरची :
माय व, मन्हा मनमधलं बोलनी तू! आमना घरमा बी हाईच शे. वाचतेय, लिहा सगळ्यांनी.

अमळनेरची सून :
+१. पातेल्यात पाणी टाकून हलवायचं वाचून पोटात कालवलं ताई, अगदी रोजचं आहे हे.

पथ्यपाणी (जळगाव) :
छान धागा. मी आहारतज्ज्ञ आहे, रोज याच वयाच्या बायका बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.
पाळी जायच्या आधीची चार-पाच वर्षं आणि नंतरची पाच-सात वर्षं हा काळ सगळ्यात नाजूक. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, ते हाडांना जपत असतं, त्यामुळे या काळात हाडं झपाट्याने विरळ होतात. स्नायू पण कमी होतात आणि चरबी मांड्या-कमरेवरून पोटाकडे सरकते. म्हणून बायका म्हणतात ना की खाणं तेच आहे तरी पोट सुटलं, ते खोटं नसतं. वजनकाट्यापेक्षा टेप घ्या, आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली की शुगर, बीपीकडे लक्ष द्यायची वेळ झाली.
आता प्रोटीन. आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जे प्रमाण दिलंय ते दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ५० ग्रॅम. आपल्याकडे साधारण काय खाल्लं जातं? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, एक भाजी, पातळ वरण, रात्री खिचडी नाहीतर उरलेली भाकरी. हिशोब केला तर तीस ग्रॅमच्या आसपास अडकतं. म्हणजे वीस ग्रॅमचा खड्डा रोज, वर्षानुवर्षं. दिवसभर गळून जाणं, जिना चढताना मांड्या भरून येणं याचं हेही एक कारण असतं, रक्त आणि थायरॉईड तपासून घ्यायचंच पण ताटाकडे पण बघायचं.
हा खड्डा पावडरशिवाय भरतो. साध्या ज्वारीऐवजी कळण्याच्या दोन भाकरी घेतल्या की साधारण १६ ग्रॅम मिळतात. एक वाटी घट्ट डाळ ७, वाटीभर उसळ ७, मूठभर शेंगदाणे ७, कप दूध ६, वाटी दही ५. झाले की जवळपास पन्नास! अंडं खात असाल तर एकात ६. डाळ घट्ट पाहिजे हे परत सांगते, पाणीदार वरणात तीनच्या वर काही येत नाही.

तापीकाठची :
पथ्यपाणी ताई, मनापासून धन्यवाद, असाच हिशोब पाहिजे होता. कळण्याचं आमच्याकडे फक्त थंडीत, भरीत असलं की होतं. खरंतर उडीद घरचेच असतात, मग बारा महिने का नाही करत आपण?

केळीबाग रावेर :
ताईंनो, मी पुरुष आहे पण लिहू का? बायको ४८ ची आहे, तिला डॉक्टरांनी कॅल्शियम कमी सांगितलं, तेव्हापासून ती रोज दोन-तीन केळी खातेय, घरचीच बाग आहे. आमच्याकडे सगळे म्हणतात केळ्याने हाडं मजबूत होतात. बरोबर आहे का?

पथ्यपाणी :
दादा, अवश्य लिहा, घरातल्या पुरुषांनी वाचायलाच पाहिजे हा धागा. केळं चांगलं फळ आहे, पोटॅशियम भरपूर, पोट साफ ठेवतं, पण कॅल्शियम त्यात नावालाच, शंभर ग्रॅममध्ये दहा मिलीग्रॅम सुद्धा नाही. वहिनींना दिवसाला १००० मिलीग्रॅम पाहिजे, पाळी गेल्यावर १२००. केळ्याबरोबर कपभर दूध वेगळं द्या, त्यात २४० च्या आसपास मिळेल. दह्याची वाटी १८०, दोन चमचे तीळ १२०, शेवग्याच्या पाल्याची भाजी वाटीभर, तीही १५० च्या पुढे जाते. पालकात कॅल्शियम दिसतं पण त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे अंगाला फार लागत नाही, त्यापेक्षा शेवगा, मेथी बरी. आणि शुगर असेल तर केळं अर्धं-एक, तेही जेवणावर नको, मधल्या वेळी मूठभर दाण्यांबरोबर. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळी वाढवू नका.

केळीबाग रावेर :
दूध आमच्याकडे सगळं डेअरीला जातं ताई, घरी चहापुरतं ठेवतो. आता अर्धा लिटर तिच्या नावाचं वेगळं काढायला सांगतो.

शहाद्याची वहिनी :
दादा हे बेस्ट केलंत. आमच्याकडे पण दोन म्हशी, आणि घरातल्या बाईला दूध म्हणजे चहातलं चमचाभर. नंदुरबार, धडगावकडे नागली (नाचणी) मिळते ती पण घ्या सगळ्यांनी, नागलीचे पापडच करतो आपण फक्त. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम आहे म्हणे तिच्यात? मी आठवड्यातून तीनदा नागलीची भाकरी करायला लागलेय, गरम गरम, वर तिळाची चटणी आणि साधं लोणकढं तूप, पोरं पण खातात.

पथ्यपाणी :
हो, बरोबर आहे आकडा. एका भाकरीत दोनशेच्या आसपास येईल. पापडात मीठ आणि खार असतो म्हणून पापडाला नागली खाल्ली असं मोजू नका.

धुळ्याची सिस्टर :
मी सरकारी दवाखान्यात आहे, माझे पण दोन शब्द, जरा कडक वाटले तर रागवू नका.
रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५, २०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. आमच्याकडे ८, ९ वाल्या बाया येतात, घरची सगळी कामं करून येतात, आणि म्हणतात सिस्टर मला काही नाही, नुसता दम लागतो. आणि उपाय काय करताय विचारलं तर बीट खातेय, खजूर खातेय, गूळ खातेय. बायांनो, आठ-नऊचं रक्त बीटाने वर येत नाही, त्याला लोहाच्या गोळ्याच लागतात, डॉक्टर सांगतील तितके महिने. शौचाला काळं होतं, घाबरू नका. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर अजिबात नको, आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, एक सकाळी तर एक रात्री. थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यापासून ह्या दोन्ही चार तास लांब.
आपल्याकडे जेवणावर लगेच चहा लागतो ना, तो चहा जेवणातलं लोह अडवतो. तासभर थांबा. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त लागतं अंगाला. बाजरीत लोह चांगलं आहे, थंडीत बाजरीची भाकरी सोडू नका.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्त जातंय कुठे ते बघा! चाळिशीनंतर पाळीत गाठी पडतात, तासातासाला पॅड बदलावं लागतं, आठ-दहा दिवस चालतं, आणि बाई म्हणते वयाचं असेल. वयाचं असेलही, पण फायब्रॉईड (गर्भाशयातली गाठ) असू शकतं, थायरॉईड असू शकतं, तपासल्याशिवाय कळत नाही. पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दवाखाना. यात लाजायचं नाही आणि नवऱ्याला सवड होईपर्यंत थांबायचं पण नाही.

अमळनेरची सून :
सिस्टर, रागवायचं काय त्यात, डोळे उघडले. माझ्या मोठ्या जाऊबाईंची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली, पाळीच नाही म्हणून त्या म्हणतात मला हाडाबिडाचं टेन्शन नाही. खरंय का?

धुळ्याची सिस्टर :
उलट आहे ताई. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश पण काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम त्याच दिवसापासून सुरू होतात, म्हणजे हाडांची झीज दहा वर्षं आधी. नुसती पिशवी काढली असेल तर हार्मोन चालू राहतात, पण तेही थोडं लवकर थांबू शकतात. ऑपरेशनचा कागद शोधा, बीजकोश काढलेत का ते त्यात लिहिलेलं असतं, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. हाडांची घनता तपासायची डेक्सा टेस्ट लागते का ते तेच सांगतील.

कापूसवेचणी :
सगळं वाचलं. चांगलं लिहिताय पण एक विचारते. मी पारोळा तालुक्यातली, आई आणि काकू दोघी मजुरीला जातात, वय पन्नासच्या आसपास. सकाळी सातला निघतात, फडक्यात दोन भाकरी, ठेचा, कांदा, झालं तर शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळी येऊन परत चूल. दूध विकत, दही विकत, डाळीचे भाव बघता घट्ट डाळ रोज होत नाही. त्यांनी काय करायचं? आणि व्यायाम करा कुणी सांगितलं तर आई हसेल, दिवसभर वाकून कापूस वेचते ती.

तापीकाठची :
बरं झालं तू लिहिलंस. हे सुटलंच होतं आमच्या बोलण्यातून. पथ्यपाणी ताई, यावर लिहा ना, माझ्याकडे याचं उत्तर नाहीये पण ते मिळायला पाहिजे.

पथ्यपाणी :
आईंना व्यायाम नको, खाणं आणि आराम पाहिजे. कमी पैशात ज्यात सगळ्यात जास्त आहे ते सांगते. भाकरीच्या पिठात उडीद घाला, चार किलो ज्वारीला एक किलो, डाळ वेगळी शिजवावी लागत नाही आणि फडक्यात बांधून नेता येतं. ठेच्याऐवजी नाहीतर ठेच्याबरोबर दाण्याची चटणी जाड, त्यात तीळ टाकून. खिशात मूठभर फुटाणे, दुपारी चार वाजता खायला. अंडं चालत असेल तर उकडून एक, घरची कोंबडी असेल तर विकायच्या आधी दोन घरात ठेवा. मठ, मूग मोड आणून, मूठभर कडधान्याची उसळ तिघांना होते. शेवगा बांधावर असतोच, पाला फुकट आहे. आणि दुपारचं पाणी! वेचणीला पाणी कमी प्यायचं कारण आडोसा नसतो, हे मला किती बायकांनी सांगितलंय, त्यातून लघवीची जळजळ, डोकेदुखी, बद्धकोष्ठता. वेचणीला जाताना चार-पाच जणींनी मिळून जागा ठरवा पण पाणी तोडू नका.
आणि चूल संध्याकाळी तीच का पेटवते, घरात अजून कोण आहे, हे पण विचारा ताई.

कापूसवेचणी :
भाऊ आहे, बावीस वर्षांचा. विचारते आज.

भुसावळकर काकू :
माझं वय ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर, आणि त्यात आतून वाफा निघतात, कुणाला सांगावं तेच कळत नव्हतं. मला जे लागू पडलं ते सांगते. रात्रीच्या जेवणात ठेचा, काळ्या मसाल्याचा रस्सा बंद केला, दुपारी चालतं पण रात्री खाल्लं की दोन वाजता घामाने उठायचे. संध्याकाळी पाच नंतर चहा नाही. दुपारी जिरं घालून ताक, मीठ अगदी कमी. जेवण सात-साडेसातला. वाफा गेल्या नाहीत पण झोप लागते आता.
सोयाबीनने वाफा थांबतात असं वाचलं होतं, मला तरी फरक नाही पडला.

पथ्यपाणी :
काकू, छान लिहिलंत. सोयाने काहींना फरक पडतो, काहींना नाही, पण प्रोटीन म्हणून सोयाबीन उत्तमच आहे. वाफांनी झोपच उडत असेल तर डॉक्टरांकडे औषधं आहेत, सोसत बसायचं काही कारण नाही.

शहाद्याची वहिनी :
उपासाबद्दल कुणीतरी बोला. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावणात तर विचारूच नका. आणि प्रत्येक वेळी साबुदाण्याची खिचडी नाहीतर वडे, दिवसभर पाच वेळा चहा.

तापीकाठची :
मी लिहिते यावर, कारण माझं मत पक्कं आहे. उपास सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, श्रद्धा आहे ती. पण साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात जे काय आहे ते दाण्याच्या कुटाचं. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, दूध, मूठभर दाणे, हे सगळं उपासाला चालतंच की. राजगिऱ्यात प्रोटीन पण आहे आणि कॅल्शियम पण. भगर मात्र नीट निवडून, धुऊन, ताजीच घ्या, पीठ दळून महिनोन् महिने ठेवू नका, ओल लागून बुरशी धरते आणि विषबाधा होते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि आठवड्यात दोन उपास असतील तर बाकीच्या पाच दिवसांत ती तूट भरायला पाहिजे, तेवढं तरी स्वतःचं स्वतः बघा.

सोनगीरची :
तेलाचं काय? आमच्याकडे खिचडीवर कच्चं तेल, कळण्याच्या भाकरीवर तेल, भरीत तेलात पोहतं, शेवभाजीवर तर्री. तेल बंद करा म्हणाल तर जेवण जाणार नाही.

पथ्यपाणी :
बंद नको, मोजा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर चार माणसांच्या घराला महिन्याला तीन किलो, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास. घरात महिन्याला किती येतं ते आठवा, आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत पंधराचा डबा दोन महिन्यांत संपतो. खिचडीवर चमचाभर कच्चं तेल घ्यायचंय ना, मग त्या दिवशी तळण नको. भरिताची वांगी काड्यांवर भाजलेली असतात, चव त्या धुराची आणि मिरचीची असते, तेल अर्ध्यावर आणलं तरी भरीत बिघडत नाही, करून बघा. शेवभाजी महिन्यातून एक-दोनदा, हौसेने. मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत, चमचाभर, त्यात पापड, लोणचं, बिबडे, कुरडया सगळं धरून.

अमळनेरची सून :
अजून एक, डी व्हिटॅमिनची साखरेसारखी पुडी येते ना, ६०,००० ची, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या दर रविवारी घेतात, मेडिकलवाल्याकडून आणून. वर्ष झालं असेल.

धुळ्याची सिस्टर :
अरे देवा. ती पुडी डॉक्टर ठराविक आठवडे देतात, मग बंद करतात नाहीतर महिन्यावर आणतात. वर्षभर दर आठवड्याला स्वतःच्या मनाने घेऊ नका, डी अंगात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, मुतखडा, किडनीला त्रास होऊ शकतो. आधी तपासणी करायला सांगा सगळ्यांना. आणि ज्या पूर्ण शाकाहारी आहेत, त्यातही शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात, त्यांनी बी-१२ पण बघून घ्या. हातापायाला मुंग्या, विसरायला होणं, याच्या मागे ते असू शकतं. बी-१२ भाकरीत, भाजीत, डाळीत नसतं, दूध, दही, अंडं, मटण, मासे यांतच असतं.

केळीबाग रावेर :
अपडेट देतो. काल बायकोला आधी वाढलं, आम्ही नंतर बसलो. आई जरा फुरंगटली, काही बोलली नाही पण. आज आईलाच सांगितलं की तू पण तिच्याबरोबर बस, तुलाही दूध. ती ७२ ची आहे. दोघी बसल्या.

सोनगीरची :
दादा 🙏 जीव थंडा हुयना वाचीसन.

कापूसवेचणी :
भावाने भाकरी थापायचं कबूल नाही केलं पण कुकर लावतो म्हणाला, आणि पाणी भरणार. कळण्याचं दळण टाकायचंय उद्या. तापीकाठची ताई, मीठ, मेथ्या दळतानाच टाकायच्या का? आमच्याकडे कुणी अंदाज सांगत नाही, सगळं मनाने.

तापीकाठची :
चार किलो दादर, एक किलो अख्खे उडीद सालासकट, मूठभर मेथ्या. मेथ्या दळतानाच, मीठ मात्र भाकरी करताना पाण्यात घाल, दळणात घातलं की पिठाला ओल सुटते. उडीद निवडून दोन दिवस कडक उन्हात ठेव, मऊ असले तर जात्याला चिकटतात आणि चक्कीवाला घेत नाही. पीठ फार बारीक नको. पहिल्यांदा थापताना भाकरी चिरते, पाणी कोमट घे आणि पीठ नेहमीपेक्षा जास्त मळ. एकदम पाच किलो नको करू, आधी अडीचचं दळण टाक, उन्हाळ्यात उडदाच्या पिठाला लवकर जाळी धरते.